गुणदोषांवरील निर्णयाविना दिवाणी दाव्याचा शेवट

वादी आणि प्रतिवादी यांच्यातील मूळ तंट्यात कोणाची बाजू खरी, हे न ठरवताच न्यायालयाने दावा संपवणे, यास गुणदोषांवरील निर्णयाविना दाव्याचा शेवट असे म्हणतात. भारतात याविषयीचे बहुतेक नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये असून काही नियम मुदत कायदा, १९६३ आणि निरनिराळ्या विशेष कायद्यांत आहेत. वादपत्र नामंजूर होणे, वादपत्र परत केले जाणे, गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला जाणे, पक्षकाराच्या मृत्यूनंतर दावा उपशमित होणे आणि वादीने दावा मागे घेणे हे त्याचे प्रमुख प्रकार होत.

व्यवहारात या सर्वांना सरसकट ‘दावा काढून टाकला’ असे म्हटले जाते. मात्र कायद्याच्या दृष्टीने हे प्रकार एकमेकांहून भिन्न आहेत. दावा कोणत्या नियमाखाली संपला, यावर वादीला नवा दावा आणता येईल की नाही, अपील करता येईल की नाही आणि त्यासाठी किती दिवस मिळतील, हे अवलंबून असते. या लेखात हे प्रकार सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील परिस्थितीच्या संदर्भासह दिले आहेत. लेखातील उदाहरणे विषय समजण्यापुरती असून काल्पनिक आहेत.

दाव्याचे टप्पे

दिवाणी दाव्याची सुरुवात वादपत्राने होते. त्यानंतर प्रतिवादीवर समन्स बजावले जाते आणि प्रतिवादी आपली कैफियत दाखल करतो. दोन्ही बाजूंच्या कथनांतून न्यायालय वादाचे मुद्दे काढते, पुरावा नोंदवते, युक्तिवाद ऐकते आणि निकाल देते. निकालानुसार हुकूमनामा तयार होतो. हा संपूर्ण प्रवास पार पडल्यावर मिळणारा निर्णय हा गुणदोषांवरील निर्णय होय. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर दावा संपू शकतो.

अशा तरतुदींमागे दोन हेतू आहेत. ज्या दाव्याला कायद्याचा आधारच नाही, त्यात प्रतिवादीला वर्षानुवर्षे तारखांना गुंतवून ठेवणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे, वादीने स्वतः आणलेला दावा चालवण्यात कसूर केल्यास न्यायालयाचा वेळ अडून राहतो. या हेतूंना मर्यादा घालणारे तत्त्वही तितकेच जुने आहे. न्यायाची कार्यपद्धती ही न्यायाची दासी आहे, स्वामिनी नव्हे, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दावा ऐकण्यापूर्वीच त्याची छाननी करण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यात झाला. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगली केल्या. कर्जखते हस्तगत करून ती जाळणे हे या दंगलींचे ठळक वैशिष्ट्य होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर एक बाब स्पष्ट झाली. सावकारांच्या दाव्यांत शेतकरी बहुधा न्यायालयात हजरच होत नसत आणि हुकूमनामे एकतर्फी होत.

यावर उपाय म्हणून दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९ करण्यात आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा व खानापूर हे भाग समाविष्ट होते. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने असल्याने तेथील न्यायव्यवस्था वेगळी होती.

या कायद्याने तीन बदल केले. शेतकऱ्यावरील दावा तो राहतो तेथील न्यायालयात आणावा, असे बंधन आले. शेतकऱ्याने कर्ज कबूल केले तरी व्यवहाराचा मागील इतिहास न्यायालयाने तपासावा, असे ठरले. तसेच ज्या भागात गावपातळीवर सलोखाकार नेमला असेल, तेथे त्याचा दाखला जोडल्याशिवाय शेतकरी पक्षकार असलेला दावा न्यायालयाने दाखल करून घेऊ नये, अशी तरतूद झाली. दाखला नसेल तर सावकाराचे कर्ज खरे की खोटे, हा प्रश्न न्यायालयापुढे येतच नसे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. पुढे हा कायदा रद्द झाला. मात्र दाव्यापूर्वी समेटाचा प्रयत्न सक्तीचा करण्याची कल्पना आजच्या वाणिज्यिक दाव्यांत पुन्हा दिसते.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये साताऱ्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

वादपत्र नामंजूर होणे

संहितेच्या आदेश ७ नियम ११ नुसार पुढील परिस्थितीत न्यायालय वादपत्र नामंजूर करते:

• वादपत्रातून दाव्यास कारण दिसून येत नसेल;
• दाव्याचे मूल्यांकन कमी केले असेल आणि न्यायालयाने दिलेल्या वेळेत ते दुरुस्त केले नसेल;
• न्यायालय फी अपुरी असेल आणि दिलेल्या वेळेत ती भरली नसेल;
• वादपत्रातील कथनावरूनच दावा एखाद्या कायद्याने वर्ज्य असल्याचे दिसत असेल;
• वादपत्र दोन प्रतींत दाखल केले नसेल, किंवा समन्ससाठी आवश्यक प्रती व फी यांविषयीच्या नियमाचे पालन झाले नसेल.

या नियमाखाली न्यायालय केवळ वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे पाहते. प्रतिवादीचा बचाव कितीही सबळ असला तरी या टप्प्यावर तो विचारात घेतला जात नाही. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले आणि नामंजुरीचा अर्ज आल्यास कैफियतीची वाट न पाहता आधी त्या अर्जावर निर्णय द्यावा, असे सांगितले. तथापि वादपत्र अर्थपूर्ण रीतीने वाचणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. चतुर लेखनाने दाव्यास कारण असल्याचा केवळ आभास निर्माण केला असेल, तर तो दावा सुरुवातीलाच संपवावा, असे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मधील एका निकालात नमूद केले आहे. वादपत्राचा काही भाग ठेवून उरलेला नामंजूर करता येत नाही. एक जरी मागणी टिकत असेल तर संपूर्ण दावा पुढे चालतो.

नामंजुरीचा आदेश कायद्याने हुकूमनामा मानला जातो, म्हणून त्यावर नियमित अपील करता येते. याखेरीज नियम १३ नुसार त्याच कारणावर नवे वादपत्र दाखल करण्याची मुभा असते. मात्र या मुभेचा उपयोग नामंजुरीच्या कारणावर ठरतो. फी अपुरी असेल तर ती भरून वादी परत येऊ शकतो. दावा मुदतबाह्य असेल तर नवे वादपत्र अधिकच उशिराचे ठरते.

वादपत्र परत करणे

दावा चुकीच्या न्यायालयात दाखल झाला असेल तर आदेश ७ नियम १० नुसार न्यायालय वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत करते. स्थावर मालमत्तेचा दावा ती मालमत्ता ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तेथेच आणावा लागतो. कराड आणि वाळवा हे शेजारचे तालुके असले तरी ते दोन वेगळ्या जिल्ह्यांत मोडतात. वाळवा तालुक्यातील जमिनीच्या मालकीचा दावा वादी कराडला राहतो म्हणून कराडच्या न्यायालयात आणला, तर ते वादपत्र परत होईल.

या प्रकारात वादीचा हक्क नाकारला जात नाही. चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने आणि योग्य दक्षतेने घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ नुसार मुदतीच्या गणनेतून वगळता येतो. स्थळ किंवा मूल्य यांवरील हरकत प्रतिवादीनेही वेळेवर, म्हणजे पहिल्या शक्य संधीस, घ्यावी लागते.

दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेरील वाद

काही विषय कायद्याने अन्य प्राधिकरणांकडे सोपवलेले आहेत. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था आणि विकास सोसायट्या यांचे दाट जाळे असलेल्या सातारा-सांगली भागात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ नुसार संस्थेचा कारभार, व्यवस्थापन, निवडणूक यांसंबंधी सभासद व संस्था यांच्यातील वाद सहकार न्यायालयापुढे जातात, आणि कलम १६३ दिवाणी न्यायालयाची अधिकारिता वगळते. ज्या वादांत दिवाणी दावा आणता येतो, तेथेही संस्थेच्या कामकाजासंबंधीच्या दाव्यापूर्वी कलम १६४ नुसार निबंधकास दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते.

कुळवहिवाटीचा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला जातो. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ८५ नुसार एखादी व्यक्ती कूळ आहे की नाही, हे दिवाणी न्यायालय ठरवू शकत नाही. परंतु दाव्यात असा मुद्दा निघाला म्हणून दावा काढून टाकला जात नाही. कलम ८५अ नुसार न्यायालय दावा स्थगित करून तो मुद्दा महसुली प्राधिकरणाकडे पाठवते आणि तेथील निर्णय आल्यावर दावा पुढे चालवते.

दाव्यापूर्वीच्या अटी

शासनावर किंवा पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल सरकारी अधिकाऱ्यावर दावा आणायचा असल्यास संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिने आधी नोटीस देणे आवश्यक आहे. तातडीचा दिलासा हवा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा दाखल करता येतो. तातडी नाही असे न्यायालयास वाटल्यास ते वादपत्र परत करते. नोटीस देऊन ते पुन्हा सादर करता येते.

वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ च्या कलम १२अ नुसार, तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या वाणिज्यिक वादात, तातडीच्या अंतरिम दिलाशाची गरज नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अनुसरणे सक्तीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ही अट बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला आणि २० ऑगस्ट २०२२ पासून तिचे पालन न करणारी वादपत्रे नामंजूर होतील, असे ठरवले. सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीच्या व्यापाऱ्याचे आठ लाख रुपये खरेदीदाराकडे थकले, तर बिले आणि पावत्या जवळ असूनही त्यास प्रथम विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा अर्ज करावा लागेल. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजला जात नाही.

मुदत आणि प्राङ्न्याय

मुदत कायद्याच्या कलम ३ नुसार मुदतीनंतर आणलेला दावा न्यायालयाने काढून टाकलाच पाहिजे, प्रतिवादीने हरकत घेतली नसली तरी. करारातून उद्भवणाऱ्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची, तर मालकी हक्काच्या आधारे स्थावर मालमत्तेचा कबजा मागण्यास बारा वर्षांची मुदत आहे. विलंब माफ करण्याची तरतूद अपिलांना आणि अर्जांना लागू होते, मूळ दाव्याला नाही.

त्याच पक्षकारांमधील तोच वाद पूर्वी सक्षम न्यायालयाने ऐकून अंतिमतः निकाली काढला असेल, तर कलम ११ मधील प्राङ्न्यायाच्या तत्त्वानुसार तो पुन्हा चालवता येत नाही. मात्र हे ठरवण्यासाठी पूर्वीच्या दाव्यातील कथने, मुद्दे आणि निकाल पाहावे लागतात. बेळगाव येथील मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे म्हटले की, ज्या प्राङ्न्यायाच्या हरकतीसाठी वादपत्राबाहेरचे असे कागद तपासावे लागतात, तिच्यावरून आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र नामंजूर करता येत नाही. अशी हरकत योग्य मुद्दा काढून तपासावी लागते.

गैरहजेरी

आदेश ९ मध्ये पक्षकारांच्या गैरहजेरीचे परिणाम दिले आहेत. सुनावणीस दोन्ही पक्ष गैरहजर असल्यास नियम ३ नुसार दावा काढून टाकता येतो. तेव्हा नियम ४ नुसार वादी मुदतीत असेल तर नवा दावा आणू शकतो किंवा जुना दावा पुनःस्थापित करण्याचा अर्ज देऊ शकतो. केवळ प्रतिवादी हजर असेल आणि वादी नसेल, तर नियम ८ नुसार प्रतिवादीने मान्य केलेला भाग वगळून दावा काढून टाकला जातो. अशा वेळी नियम ९ त्याच कारणावर नवा दावा आणण्यास मनाई करतो. वादीपुढे पुनःस्थापनेचा अर्ज हाच प्रमुख मार्ग उरतो. त्या तारखेला प्रतिवादी हजर होता की नाही, या वादीच्या हाती नसलेल्या गोष्टीवर हा फरक ठरतो.

पुनःस्थापनेच्या अर्जासाठी दावा काढून टाकल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. गैरहजेरीस पुरेसे कारण होते, हे वादीस दाखवावे लागते. अर्जास उशीर झाल्यास विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज करता येतो. वकिलाच्या निष्काळजीपणाची शिक्षा निर्दोष पक्षकारास होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले आहे. तरी पक्षकाराने स्वतः आपल्या दाव्याची विचारपूस करावी, अशी अपेक्षाही न्यायालये व्यक्त करतात. वाटपाच्या दाव्यात सहहिस्सेदाराचा हक्क चालू राहणारा असल्याने पहिला दावा गैरहजेरीत गेला तरी नवा दावा आणता येतो, असे अनेक निर्णय आहेत.

प्रतिवादी गैरहजर आणि वादी हजर असल्यास दावा संपत नाही. तो एकतर्फी चालतो.

पक्षकाराचा मृत्यू

पक्षकार मरण पावला तरी दाव्यातील हक्क शिल्लक राहत असेल तर दावा त्याच्या वारसांमार्फत पुढे चालतो. त्यासाठी मृत्यूपासून नव्वद दिवसांत वारसांना दाव्यात दाखल करण्याचा अर्ज द्यावा लागतो. तसे न झाल्यास आदेश २२ नुसार मृत वादीपुरता किंवा मृत प्रतिवादीविरुद्ध दावा आपोआप उपशमित होतो. त्यासाठी न्यायालयाच्या स्वतंत्र आदेशाची गरज नसते. उपशमन रद्द करण्याचा अर्ज त्यापुढील साठ दिवसांत करता येतो आणि त्यानंतर विलंबमाफी मागावी लागते. उपशमित दाव्याच्या कारणावर नवा दावा आणता येत नाही.

शेतजमिनीच्या वाटपाचे दावे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात आणि त्यांत पंधरा-वीस हिस्सेदार पक्षकार असणे सामान्य आहे. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या एखाद्या हिस्सेदाराच्या निधनाची वार्ता इतरांना उशिरा कळते. वाटपाच्या दाव्यात सर्व हिस्सेदार आवश्यक पक्षकार असल्याने एकाचे वारस न लावल्यास संपूर्ण दाव्यास बाधा येऊ शकते. सातबारा उताऱ्यावर वारसनोंद झाली म्हणजे दाव्यातही वारस लागले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. महसुली फेरफार आणि दाव्यातील वारस दाखल करणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. १९७६ च्या दुरुस्तीने पक्षकाराच्या मृत्यूची माहिती न्यायालयास देण्याचे कर्तव्य त्याच्या वकिलावर सोपवले.

दावा मागे घेणे आणि तडजोड

वादी आपला दावा केव्हाही मागे घेऊ शकतो. परंतु आदेश २३ नियम १ नुसार नवा दावा आणण्याची परवानगी न घेता तो मागे घेतल्यास त्याच विषयावर पुन्हा दावा आणता येत नाही. औपचारिक दोष किंवा अन्य पुरेसे कारण असल्यास न्यायालय अशी परवानगी देते. गावातील मंडळींनी समेट घडवला म्हणून केवळ ‘दावा चालवणे नाही’ अशी पुरसिस देणारा वादी, समेट मोडल्यास पुन्हा न्यायालयात येऊ शकत नाही. त्याऐवजी तडजोडीच्या अटी लिहून नियम ३ नुसार हुकूमनामा घेतल्यास त्यांची अंमलबजावणी करता येते. लोकअदालतीतील निवाडाही दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि अशा दाव्यात भरलेली न्यायालय फी परत मिळते.

महाराष्ट्रातील कलम ९अ

महाराष्ट्राने १९७० मध्ये संहितेत कलम ९अ हे स्वतःपुरते कलम घातले आणि १९७७ मध्ये ते पुन्हा अधिनियमित केले. मुंबईतील नगर दिवाणी न्यायालयात आवश्यक नोटीस न देता दावे दाखल होत, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला जाई आणि नंतर नव्या दाव्याच्या परवानगीसह दावा मागे घेतला जाई. या प्रथेस आळा घालण्यासाठी, अंतरिम अर्जाच्या सुनावणीत अधिकारितेची हरकत आल्यास तो मुद्दा प्रथम ठरवावा, असे या कलमाने सांगितले.

प्रत्यक्षात प्राथमिक मुद्द्यावर पुरावा, निर्णय आणि त्यावरील दाद यांत वर्षे जाऊ लागली व मूळ दावे खोळंबले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने हे कलम रद्द केले. मुदतीचा प्रश्न या कलमातील ‘अधिकारिता’ या शब्दात येतो काय, याबाबत मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१९ मध्ये नसली वाडिया यांच्या प्रकरणात तो येत नाही, असा निर्णय दिला. दावे लवकर संपवण्यासाठी केलेली तरतूदच विलंबास कारण ठरू शकते, याचे हे उदाहरण मानले जाते.

परिणाम व उपाय: संक्षेप

• वादपत्र नामंजूर: अपील करता येते, दोष दूर करून मुदतीत नवे वादपत्रही देता येते.
• वादपत्र परत: योग्य न्यायालयात सादर करता येते, आदेशावर अपिलाची तरतूद आहे.
• दोन्ही पक्ष गैरहजर: नवा दावा किंवा पुनःस्थापनेचा अर्ज.
• केवळ वादी गैरहजर: नव्या दाव्यास मनाई, तीस दिवसांत पुनःस्थापनेचा अर्ज, तो फेटाळल्यास अपील.
• उपशमन: नव्या दाव्यास मनाई, साठ दिवसांत उपशमन रद्द करण्याचा अर्ज.
• परवानगीविना दावा मागे घेणे: नव्या दाव्यास मनाई.
• परवानगीसह दावा मागे घेणे: नवा दावा शक्य, मात्र मुदत मूळ दावा झालाच नव्हता असे धरून मोजली जाते.

यावरून दावा संपल्याचे कळताच आदेशाची प्रमाणित प्रत मिळवून त्यातील आदेश व नियमाचा उल्लेख पाहणे का आवश्यक असते, हे लक्षात येते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील निर्णयांवर दाव्याच्या मूल्यानुसार जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अपील जाते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ कार्यरत झाल्याने या दोन जिल्ह्यांसह कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील पक्षकारांना उच्च न्यायालयातील दाद कोल्हापुरात मागता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि अन्य पात्र घटकांना तालुका विधी सेवा समितीमार्फत विनामूल्य वकील मिळू शकतो. पुनःस्थापनेचा किंवा वारस दाखल करण्याचा अर्ज करण्यासाठीही ही मदत उपलब्ध असते.